उदकाक वाट: खारघर ते काणकोण, गवत पाहत केलेला प्रवास

जानेवारीत पुण्यात पहाटे पांघरुणातून हात बाहेर काढवत नव्हता, तेव्हा दादाचा फोन आला. "अगं, कोकणात उतरू. सकाळी खेळू, दुपारी मासे खाऊ." बॅगा भरायला मला एक दिवस पुरला.

दादा फौजेतला. गोल्फ त्याने छावणीत उचलला आणि सुट्टीवर आला की मला शिकवला. त्याच्या त्या जुन्या कोर्सवर हिरवळीचे ग्रीन, म्हणजे झेंडा रोवलेल्या भोकाभोवतीचे गुळगुळीत गोल, नव्हतेच, कारण पाणी नव्हतं. वाळूत जुनं इंजिन ऑइल कालवून, चोपून केलेले गोल असत. त्यांना 'ब्राऊन' म्हणत. पुट, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायचा हलका फटका, मारून झाला की लाकडी फळी ओढून मागच्यासाठी वाळू सारखी करून ठेवायची. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले आणि सगळी नोकरी उद्यानांत, हिरवळी राखण्यात गेली. त्यामुळे एकाच कोर्सवर उतरलो तरी दादा झेंडा कुठे आहे ते बघतो आणि मी पाणी कुठे जातं ते.

खेळ दोन टोकांना ठरवला होता, खारघरला आणि दक्षिण गोव्यात. मधले दिवस किनाऱ्याने गाडी हाकायची.

दिवस पहिला: खारघर

सिडकोने उभारलेला हा कोर्स सेंट्रल पार्कला लागून, डोंगराच्या कुशीत आहे. मुंबईत गोल्फ जुना आहे. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ सालचा, चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. पण क्लब म्हटला की सभासदत्व आलं. इथे पैसे भरून कुणालाही खेळता येतं, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पहिल्या ग्रीनवर एक माळी लांब, लवचिक बांबू जमिनीलगत आडवा झुलवत चालला होता. दादाला वाटलं, काहीतरी हरवलंय. तो दव झाडत होता. पाण्याचे थेंब पात्यांवर तासन्‌तास बसून राहिले की बुरशी धरते, रुपयाच्या नाण्याएवढे पिवळट ठिपके पडतात, त्याला 'डॉलर स्पॉट' म्हणतात. गांडुळांनी रात्रीतून वर आणलेल्या मातीच्या गोळ्याही त्याच फटक्याने विखुरतात. त्या तशाच राहिल्या तर गवत कापायच्या यंत्राखाली, म्हणजे मोअरखाली, चेपून चिखलाचे डाग होतात. यंत्रं कितीही आली तरी बांबूचं काम बांबूनेच होतं. माळ्याच्या मागे ग्रीनवर सुकलेल्या पट्ट्यांची नक्षी उमटत होती. दहा मिनिटं मी नुसती बघत उभी होते.

ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा आखूड. त्याला कात्रीसारखं कापणारं सिलिंडर मोअर लागतं. घरच्या बागेतलं फिरत्या पात्याचं यंत्र गवत कापत नाही, तोडतं. टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी हिरवळ पांढुरकी दिसते. एवढ्या आखूड गवताला अन्न तयार करायला पानच उरत नाही, म्हणून ते कायम आजारपणाच्या उंबरठ्यावर असतं. ग्रीन राखणं हे अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची सेवा करण्यासारखं आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

डोंगराकडून येणाऱ्या पाण्यासाठी जमिनीला उथळ, रुंद पन्हळी दिलेल्या दिसल्या. डोळ्याला चटकन कळत नाहीत, पण चालताना पावलाला कळतात. दादाचे दोन चेंडू तिथेच घरंगळत गेले.

जाणाऱ्यांसाठी: पहिली वेळ घ्या. अकरानंतर जानेवारीतही ऊन चटके देतं. बुटांचा दुसरा जोड ठेवा, दवाने पहिला भिजतोच. आणि चेंडू पडून ग्रीनवर झालेला खळगा स्वतः बुजवा. काट्याने कडेची माती आत लोटायची, तळातून उचकटायची नाही. उचकटली की मुळं तुटतात.

दिवस दुसरा: आंजर्ले

माणगाव, मंडणगड करत दुपारी आंजर्ल्याला पोचलो. महामार्गाबद्दल लिहायला नवीन काही नाही.

गोल्फ जिथे जन्मला त्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळूच्या पडीक पट्ट्याला 'लिंक्स' म्हणतात. पिकाला निकामी, मेंढ्या चरायला बरी. निचरा उत्तम, गवत आपोआप आखूड. पहिल्या कोर्सांची आखणी कुणी केली नाही, ती वाऱ्याने आणि मेंढ्यांनी केली. आंजर्ल्याच्या पुळणीवर संध्याकाळी चालताना दादा म्हणाला, "ही आपली लिंक्सच की!"

मी त्याला खाली वाकून बघायला लावलं. वाळूच्या उंचवट्यांवर मर्यादवेल पसरली होती. जांभळी फुलं मिटायला लागली होती. ही वेल नि तिच्यासोबतच्या काटेरी रावणाच्या मिशा वाळू धरून ठेवतात. वेल उपटली की उंचवटा वाऱ्याने हलतो आणि मागच्या वाडीत वाळू शिरते. शिवाय आपल्याकडे चार महिने जो पाऊस कोसळतो तो स्कॉटलंडच्या किनाऱ्याला ठाऊक नाही. आणि याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात घरटी राखलेली होती. प्रत्येकावर तारखेची पाटी. पिल्लं बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावरचा एक दिवाही त्यांना चुकीच्या वाटेला लावतो. तिथल्या राखणदार मुलाने आम्हाला मोबाइलचा टॉर्च बंद करायला सांगितलं. मोठं शहाणं पोर.

सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. पायऱ्यांशी एक आजी दूर्वांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, हीच हरळी साहेब लोक खेळायच्या मैदानावर लावतात." त्या हसल्या. "लावतंत? आमी तर उपटून दमलो."

आजींना सांगितलं ते खरंच आहे. गोल्फवाले जिला 'बर्म्युडा' म्हणतात ती आपली हरळीच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिचा आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या बहिणीशी संकर अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात केला गेला. १९५६ साली 'टिफग्रीन' आलं, १९६५ मध्ये त्याचंच आणखी बुटकं रूप 'टिफड्वार्फ'. या संकराला बी धरत नाही. जगभरातले असले ग्रीन पेरांचे तुकडे लावूनच वाढवलेले आहेत. दूर्वांची जुडी हातात घेऊन मी पेरं मोजत होते आणि दादा आरतीला उभा राहा म्हणून खुणावत होता.

राहण्याच्या घरी जेवणात कुळथाची पिठी, भात, तळलेली बोंबील आणि निघताना काकूंनी बांधून दिलेले उकडीचे मोदक.

दिवस तिसरा आणि चौथा: सडे

दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, अशा दोन फेरीबोटींतून गाडी नेत रत्नागिरी गाठली. हा रस्ता लांबचा, पण महामार्गापेक्षा शंभरपट सुखाचा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आंब्याला मोहोर आला होता आणि आकाश मळभलेलं होतं. चहाच्या टपरीवर सगळे बागायतदार वर बघत होते. ढग राहिले तर तुडतुडे वाढणार, भुरी येणार, फवारणीचा खर्च दुप्पट. खारघरच्या ग्रीनवर माळ्याला जी धास्ती, तीच इथे. हवेत ओल आणि ऊन नाही.

चौथ्या दिवशी कशेळीच्या सड्यावर गेलो. जांभ्या दगडाचं पठार, जानेवारीत करपलेलं, पायाखाली कोरडं गवत करकरतं. मधोमध खडकात कोरलेला हत्ती, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या पोटात आणखी प्राणी, मासे, पक्षी. जवळ उभं राहिलं की नुसत्या रेघा दिसतात. मागे, उंचावर गेलं की आकृती जुळते. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

दादाने चौफेर पाहिलं आणि सहज म्हणाला, "सपाट, मोकळी, समुद्र दिसतो. कुणीही म्हणेल, अठरा होलचा अख्खा कोर्स बसेल." मला ते ऐकवलं नाही. मी तिथेच बसून त्याला हिशोब सांगितला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोजचे पाच मिलिमीटर धरले आणि वीस हेक्टर भिजवायचे म्हटलं, तर दिवसाला दहा लाख लिटर होतात. सड्याखालच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये बायका झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. तो झरा सड्यात मुरलेल्या पावसावरच जगतो. इथे तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर. ते पाणी जांभ्याच्या भेगांतून उतरतं आणि महिनोन्‌महिने पाझरतं. वर माती भरून, खत-औषधं घालून गवत वाढवलं तर तेच सगळं त्या झऱ्यात उतरणार. सडा मोकळा दिसतो म्हणून रिकामा नसतो. ऑगस्टमध्ये या, इथे पाऊल ठेवायला जागा नसते इतकी फुलं असतात.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचा ब्राऊन बरा होता."

मुक्काम वेंगुर्ल्याला. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, रात्री तिसऱ्यांची एकशिपी आणि सोलकढी. मी सोलकढी तीनदा मागितली.

दिवस पाचवा: तेरेखोल

रेडीवरून तेरेखोलला उतरलो. किल्ल्यातलं छोटं चर्च पाहिलं. गेल्या दशकात या गावाने गोल्फ कोर्सच्या प्रकल्पाला कडवा विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. काजूच्या झाडांखालून चालताना मला गावाची बाजू कळत होती. मी हा खेळ मनापासून खेळते. तरी जिथे लोकांच्या बागा आणि घरं आहेत तिथे तो लादायचा नसतो, हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

फेरीने केरीला आलो. नदीवर जवळजवळ पूर्ण चंद्र वर येत होता. रात्री उशिरा दक्षिण गोव्यात पोचलो.

दिवस सहावा: उघडलेला ग्रीन

दक्षिण गोव्यात हॉटेलांचे छोटे कोर्स आहेत. मोबोरला साळ नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बारा होलचा, सगळे पार-तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे. काणकोणला राजबागेच्या किनाऱ्यालगत नऊ होलचा. पुढचं घडलं ते कोणत्या कोर्सवर, ते मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी मोकळेपणाने सगळं दाखवलं त्यांना त्रास नको.

पोचलो तर एक ग्रीन बंद. काठ्यांची बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, दुरुस्ती चालू आहे, तात्पुरता झेंडा फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या हिरवळीच्या पट्ट्यावर, लावलाय. दादा हिरमुसला. मी मात्र तिकडेच वळले, कारण अर्धा ग्रीन खणलेला होता आणि त्याचा उभा छेद उघडा पडला होता. इतकी वर्षं मी हे आकृतीत काढून शिकवलं. प्रत्यक्ष कापलेलं असं पहिल्यांदाच दिसलं.

वर मुळांची जाळी. खाली साधारण वीतभर आणि वर चार बोटं वाळू. त्याखाली खडीचा थर, खडीत चर आणि चरात भोकांचा पाइप. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० साली सांगितलेली हीच पद्धत, तीस सेंटिमीटर वाळूमिश्रण आणि खाली दहा सेंटिमीटर खडी. नवख्याला वाटतं, खाली खडी म्हणजे पाणी झरकन निघून जाणार. तसं होत नाही. बारीक वाळूतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही, ते सीमेवर धरून राहतं आणि मुळांना मिळतं. पाऊस वाढून वाळू पुरती भरली की मगच एकदम खाली सुटतं. म्हणजे एकाच रचनेत उन्हाळ्याची ओल आणि पावसाळ्याचा निचरा.

पण इथली खालची वाळू काळपट होती आणि कुजका वास येत होता. पाइपात गाळ बसला होता. तिथले मुख्य माळी, साठीचे काका, खणलेल्या कडेवर बसून मुठीत वाळू चोळत होते. मी कुठली, काय करते सांगितल्यावर त्यांनी ती मूठ माझ्या हातावर रिकामी केली. बोटांना पीठ लागलं. गाळाची वाळू. मागे कधीतरी नीट न धुतलेली भरली गेली होती. किनाऱ्यावरची का नाही वापरत, दादाने विचारलं. ती उचलायला बंदी आहेच, पण तशीही चालत नाही. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना. शिवाय दाणे लाटांनी घासून गोल झालेले. बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यात, गोल दाण्यांची वाळू असली की चेंडू रुततो, आणि पहिल्या मोठ्या सरीत उतारावरची सगळी वाळू तळाशी येते. कोनदार दाणे एकमेकांत अडकून बसतात.

"पावसांत हांगा तळें जातालें," काका म्हणाले. मग हळूच, "उदकाक वाट दिवंक जाय, बाय." पाण्याला वाट द्यायला हवी.

त्यांच्या घरची खाजनाची शेती. भरतीचं खारं पाणी अडवायला बांध घालून राखलेली खाडीकाठची भातजमीन म्हणजे खाजन. बांधात लाकडी दाराची 'मानस' असते. भरतीला नदी चढली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. आपल्याकडे रायगडात खारभूमीच्या बांधांत असते ती उघाडी, तीच ही. काका लहानपणी वडिलांबरोबर मानशीवर बसत. या कोर्सचा निचरा जिथे बाहेर पडतो त्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी झडप आहे, तिची तऱ्हा नेमकी मानशीची. काकांनी ती दाखवली. झडप घट्ट मिटलेली, पाणी वरपर्यंत.

"आता भरती. आज पुनव. पंधराची पाऊणपट किती?" त्यांनी दादाला विचारलं. सव्वाअकरा. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कोकणभर कोळी हाच हिशोब करतात. दादाने तो लगेच वहीत उतरवला. "तीन वाजता येयात," काका म्हणाले.

मधल्या वेळात गावातल्या बायका फेअरवेवर ओळीने बसून खुरप्याने लव्हाळा काढत होत्या. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली तर चार नवीन येतात, म्हणून त्या खुरपं तिरकं घालून गाठीसकट उचलत होत्या. त्यातल्या एका मावशींनी मला कुठे पाय रुततो, कुठे जूनमध्ये बेडूक ओरडतात, सगळं बोट दाखवून सांगितलं. एवढी माहिती नकाशात नव्हती. मला वाटतं, कोर्स आखणाऱ्याने पहिला पावसाळा अशा माणसांबरोबर छत्री घेऊन चालत काढावा आणि मगच कागदावर रेघ ओढावी.

तीनला परत गेलो. नदी हातभर उतरली होती. आधी झडपेच्या खालच्या कडेला ओलसर रेघ दिसली, मग बारीक धार, मग झडप बोटभर पुढे आली आणि गढूळ पाणी सळसळत बाहेर पडू लागलं. काका काही बोलले नाहीत. दादा आणि मी तिथे किती वेळ बसलो होतो, कळलं नाही.

रात्री पोयी, बांगड्याचं हुमण आणि भात. बाहेर पौर्णिमेचं चांदणं.

जाणाऱ्यांसाठी: या छोट्या कोर्सना आधी फोन करूनच जा, खेळ चालू आहे का आणि बाहेरच्यांना घेतात का ते विचारा. पाच-सहा काठ्या पुरतात. सुरूच्या पानांत चेंडू हरवतात, जास्तीचे ठेवा. कॅडीचे पैसे आधी ठरवा आणि वर थोडे द्या. डास संध्याकाळी सहाला येतात.

दिवस सातवा: गालजीबाग

शेवटच्या सकाळी गालजीबागच्या किनाऱ्यावर नुसते चाललो. इथेही कासवांची घरटी राखलेली. किनाऱ्याच्या मागे, खाऱ्या पाण्याच्या कडेला एक बारीक, गर्द हिरवं गवत दाट पसरलं होतं. पास्पॅलम. मिठाला दाद न देणारं, म्हणून समुद्राकाठचे कोर्स आता हरळीऐवजी हेच लावू लागले आहेत. नारळाच्या बागांतल्या विहिरी उपसून उपसून खाऱ्या होतात तिथे हरळी पिवळी पडते, हे तग धरतं. मी मात्र त्यावर फार खूश नाही. गवत खारं पाणी पितं म्हणून विहीर खारी करायला मोकळीक मिळत नाही. त्या विहिरीवर शेजारच्या घरची माणसंही असतात.

दुपारी परतीला लागलो. काकांनी दिलेले पेरांचे तुकडे ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेतले होते. पुण्यात आल्यावर कुंडीच्या तळाला खापऱ्या, त्यावर खडी आणि धुतलेली वाळू भरून ते लावलेत. काकांचा परवा फोन आला होता. नवीन पाइप बसला, वाळू यायची आहे, मार्चमध्ये लागवड. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की ग्रीनवर पाणी किती वेळ थांबलं ते घड्याळ लावून सांगणार आहेत.